किशोरवयीन मुले, ऑनलाइन खेळ आणि शिक्षक (ठाणे व नवी मुंबई)

धोकादायक ऑनलाइन खेळ व इंटरनेटचा अतिरेक यांत अडकणारे मूल वेळीच ओळखणे, त्याच्याशी बोलणे, पालकांना सोबत घेणे आणि गरज पडल्यास त्याला तज्ज्ञांकडे पाठवणे हे शालेय मानसिक आरोग्यातील शिक्षकांचे काम. आयुष्मान भारत शालेय आरोग्य कार्यक्रमात (२०२०) प्रत्येक शाळेतून दोन शिक्षकांना, शक्यतो एक शिक्षक व एक शिक्षिका, आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची कल्पना आहे. त्यातील अकरा विषयांपैकी एक इंटरनेट व समाजमाध्यमांच्या सुरक्षित वापराचा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालक व शिक्षकांसाठी ऑनलाइन खेळांबाबत स्वतंत्र सूचनाही काढल्या.

‘मोबाइलचे व्यसन’ हा शिक्षक-खोलीतला शब्द सैल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (१ जानेवारी २०२२ पासून लागू) ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार नोंदलेला आहे. इंटरनेटच्या व्यसनाची मात्र तिथे वेगळी नोंद नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे या तीन खुणा साधारण बारा महिने दिसाव्या लागतात. दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर स्क्वॉड (मित्रांची टीम) जमवून ‘रँक पुश’ करणारा, म्हणजे खेळातली क्रमवारी वर नेण्यासाठी सतत खेळणारा, नववीतला मुलगा या व्याख्येत बसत नाही. त्याच्यावर ‘व्यसनी’ असा शिक्का मारणे शिक्षकाच्या अधिकारातले नाही आणि हिताचेही नाही.

धोके एकाच जातीचे नसतात. काही खेळांत सरळ पैसा लावला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स व साधे सामाजिक खेळ तिच्यातून वगळले. पण बंदीबाहेरच्या खेळांतही टॉप-अप (पैसे देऊन खेळातले चलन घेणे), स्किन (पात्राचा किंवा शस्त्राचा विकतचा साज) आणि नशिबावर उघडणाऱ्या पेट्या असतात आणि त्यासाठी आईच्या फोनमधले यूपीआय वापरले जाते. खेळातल्या आवाजी गप्पांतून अनोळखी प्रौढ मुलांच्या जवळ येतात. शिवाय खेळाची रचनाच उठू न देणारी असते : रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटते, आणि चालू सामना सोडला तर मित्रांची टीम हरते. ‘पाच मिनिटं थांब ना गं’ हे उत्तर त्यामुळे प्रत्येक वेळी उद्धटपणाचे नसते. वयाच्या अटी कागदावर राहतात. २०२१ मध्ये आलेल्या बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या लढाईच्या मोबाइल खेळात अठरा वर्षांखालील खेळाडूंना रोज तीन तासांची मर्यादा होती. मोठ्याच्या नावाने खाते उघडले की ती उरत नाही.

एकेक आव्हान देत मुलांना आत्महत्येकडे नेतो असे म्हटल्या गेलेल्या ‘ब्लू व्हेल’चे प्रकरण शिक्षकांनी नीट समजून घ्यावे असे आहे. जुलै २०१७ मध्ये अंधेरीतील एका शाळकरी मुलाच्या मृत्यूशी या कथित खेळाचे नाव जोडले गेले. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने समाजमाध्यम कंपन्यांना त्याचे दुवे काढून टाकायला सांगितले, शाळांना परिपत्रके गेली, पालकांच्या गटांवर इशारे फिरले. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही या खेळाचा हात सिद्ध झाला नाही. भीती मात्र खरी होती. प्रार्थनेच्या वेळी ध्वनिवर्धकावरून एखाद्या खेळाचे नाव घेऊन ‘हा कुणी खेळू नका’ असे सांगणे म्हणजे ज्याने ते नाव ऐकलेही नव्हते त्याला ते शोधायला लावणे. खेळाच्या नावावर पहारा ठेवण्यापेक्षा मुलावर लक्ष ठेवणे अधिक उपयोगाचे, कारण नावे दर वर्षी बदलतात आणि मूल खचल्याच्या खुणा बहुधा त्याच असतात.

ठाणे–नवी मुंबईत या प्रश्नाला लोकलच्या वेळापत्रकाचा आकार आहे. आईवडील सकाळी गाडी पकडतात आणि रात्री परततात. शाळा सकाळच्या सत्राची असेल तर दुपार मुलाच्या एकट्याच्या ताब्यात असते. ‘घरी पोहोचलास का’ एवढे विचारता यावे म्हणूनच फोन दिलेला असतो, तेव्हा तो काढून घ्या हा सल्ला निम्म्या घरांत चालत नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलात मुलाला स्वतःची खोली व वाय-फाय असते, तर किसननगर किंवा दिव्यातल्या घरात एकच फोन भावंडांत फिरतो आणि भांडण त्यावरूनच होते. दोन्हीकडे एकच पत्रक वाटून भागत नाही. शाळेनेही स्वतःकडे पाहावे : २०२० च्या टाळेबंदीत अभ्यास फोनवर गेला आणि शाळा उघडल्यावरही गृहपाठ रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येत राहिला, तर मुलाच्या हातात फोन का, हे शाळेने विचारायचे तरी कसे?

वर्गशिक्षकाला दिसणाऱ्या खुणा साध्या असतात. पहिल्या तासाला डुलक्या, मैदानावर जाणे बंद, डब्याच्या सुट्टीत एकटे बसणे, वर्गमित्रांकडून उसने पैसे, अचानक घसरलेले गुण. यांतली एखादी खूण अनेक कारणांनी दिसू शकते. घरातले भांडण, आजार, वर्गातली छळवणूक. म्हणून बोलणे खेळावरून सुरू करावे, आरोपावरून नाही. ‘काय खेळतोस, कुणाबरोबर, हरलास की काय होतं?’ एवढे विचारले तरी मुले भरभरून सांगतात. वर्गापुढे नाव घेऊन लाजवणे हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मना केलेला मानसिक त्रासच ठरू शकतो. पालकांना फोन एकदम हिसकावू नका असे सांगावे. रात्री तो झोपायच्या जागेपासून दूर ठेवणे ही पहिली पायरी पुरे. दुपारच्या रिकाम्या वेळात दुसरे काहीतरी, शाळेचे मैदान तासभर उघडे ठेवण्याइतके साधे का होईना, मिळाले नाही तर हे सगळे सल्ले हवेत विरतात.

काही प्रसंगी थांबायचे नसते. मूल मरणाविषयी किंवा स्वतःला इजा करण्याविषयी बोलले तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी पालकांना बोलवावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास समुपदेशन मिळते. लैंगिक शोषणाचा संशय आल्यास पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या) कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असते आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीसाठी ते अडवून ठेवता येत नाही. मुलाचे आक्षेपार्ह छायाचित्र ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांच्या गटावर टाकणे हा स्वतःच गुन्हा होऊ शकतो. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर लगेच तक्रार करावी, बाल मदतवाहिनी १०९८.

पूर्णवेळ समुपदेशक अनेक शाळांत नसतो, तरी उपचाराची जुनी परंपरा ठाण्यात आहे : प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून, तर मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभारलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून. ‘मनोरुग्णालय’ ऐकताच पालक बिचकतात. त्यांच्याबरोबर पहिल्या भेटीला शिक्षक गेला तर बिचकणे कमी होते.

खरी गळती पुढे होते. महापालिकेच्या बऱ्याच शाळा आठवीपर्यंतच आहेत. नववीला मूल दुसऱ्या शाळेत जाते, दाखल्याबरोबर गुण जातात, पण वर्षभर चाललेली ही सोबत जात नाही. पालकांच्या संमतीने जुन्या वर्गशिक्षकाने नव्या वर्गशिक्षकाला जूनमध्येच एक फोन करावा, अशी रीत काही शिक्षक स्वतःहून पाळतात. तिला कोणत्याही नमुन्यात रकाना नाही.