११ विजय, १७ पराभव: कोचला घरी पाठवायचं का?

मार्च १९८३. अटलांटामध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची कॉलेज बास्केटबॉल स्पर्धा चालू होती आणि ड्यूक विद्यापीठाचा संघ व्हर्जिनियाकडून १०९-६६ असा हरला. तब्बल ४३ गुणांनी. ड्यूकचे कोच तेव्हा ३६ वर्षांचे होते आणि तो त्यांचा तिथला तिसरा हंगाम होता. पहिल्या हंगामात १७ विजय आणि १३ पराभव, दुसऱ्यात १०-१७, तिसऱ्यात ११-१७. सगळं मिळून ३८ विजय, ४७ पराभव. माजी विद्यार्थी आणि देणगीदार खवळले होते. कोचला काढा, ही मागणी उघडपणे होत होती. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी मात्र त्यांना काढलं नाही. उलट जानेवारी १९८४ मध्ये करार वाढवून दिला. ते कोच म्हणजे माइक शशेफ्स्की. २०२२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १,२०२ विजय आणि पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं होती.

हंगाम संपत आला आणि एखाद्या कॉलेजात कोचच्या नोकरीवर गदा आली, की ‘कोच के’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शशेफ्स्की यांचं हे उदाहरण हमखास पुढे येतं. उदाहरण खरं आहे, पण पुरावा म्हणून ते लंगडं आहे. ज्या कोचसाठी विद्यापीठांनी वर्षानुवर्षं धीर धरला आणि हाती काहीच लागलं नाही, त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. त्यामुळे एका थोर माणसाची गोष्ट बाजूला ठेवून प्रश्न सरळ विचारायला हवा: हरणाऱ्या संघाचा कोच बदलला तर संघ सुधारतो का? हे मोजता येतं आणि काही संशोधकांनी ते मोजलंही आहे.

आधी विजय-पराभवाचा आकडाच तपासू. कॉलेजचा संघ एका हंगामात साधारण ३० सामने खेळतो. असा एक संघ डोळ्यांसमोर आणा, जो अगदी मध्यम आहे, म्हणजे प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता बरोबर निम्मी आहे. ३० वेळा नाणं उडवलं तर दर वेळी १५ छापे पडत नाहीत, तसंच या संघाचं होईल. गणित केलं तर दिसतं, की ११ किंवा त्याहून कमी सामने जिंकण्याची त्याची शक्यता १० टक्के आहे. म्हणजे कोच तोच, खेळाडू तेच, मेहनत तीच, आणि तरीही दहा हंगामांपैकी एक हंगाम वाईट जाणार. दहापैकी एका हंगामात हाच संघ १९ किंवा त्याहून जास्त सामने जिंकेल आणि त्याच कोचचा सत्कार होईल.

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या विभागात सुमारे ३६० संघ आहेत. घटकाभर समजा, की हे सगळे संघ हुबेहूब सारखे आहेत आणि सगळे कोचही सारख्याच ताकदीचे आहेत. तरीही दर वर्षी ३५-३६ संघ ११ विजयांच्या आत अडकतील. आता त्या सगळ्यांचे कोच काढा आणि त्यांच्या जागी कुणालाही आणा. पुढच्या वर्षी हे संघ सरासरी १० विजयांवरून १५ वर जातील, कारण त्यांची मूळ ताकद तेवढीच होती. नव्या कोचनी काहीही वेगळं केलेलं नसताना बदल मात्र झळझळीत दिसेल. उंच आई-वडिलांची मुलं सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये दाखवून दिलं, तेच हे सरासरीकडे परतणं. सर्दी अगदी टिपेला पोचते तेव्हाच आपण काढा घेतो, आणि ती उतरली की श्रेय काढ्याला देतो. कोच काढण्याचा निर्णयही संघ तळाला पोचल्यावरच घेतला जातो, म्हणून त्यानंतरची सुधारणा फसवी असू शकते.

खरे सामने अर्थात नाणेफेक नसतात. पण त्यात नशिबाचा वाटा किती मोठा असतो, हे तीन गुणांच्या फेकीवरून कळतं. टोपलीपासून दूर आखलेल्या कमानीबाहेरून चेंडू टोपलीत टाकला की दोनऐवजी तीन गुण मिळतात. समजा प्रतिस्पर्ध्याने एका सामन्यात अशा २२ फेकी केल्या आणि त्याची कुवत तीनात एक फेक टोपलीत टाकण्याची आहे. सरासरीने सातेक फेकी पडतील, पण एखाद्या दिवशी पाच आणि एखाद्या दिवशी दहा पडणं अगदी सहज शक्य आहे. पाच आणि दहा यांच्यात १५ गुणांचा फरक आहे आणि कॉलेजचे कितीतरी सामने त्याहून कमी फरकाने सुटतात. कॉलेज बास्केटबॉलचे सांख्यिकी अभ्यासक केन पॉमरॉय यांनी आकडेवारीतून दाखवलंय, की प्रतिस्पर्ध्याला तीन गुणांच्या फेकी किती घेऊ द्यायच्या हे बचाव करणाऱ्या संघाच्या बऱ्यापैकी हातात असतं, पण त्यातल्या किती पडतील हे फारसं नसतं. चेंडू हातातून सुटला की कोचने बाकावरून कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष अभ्यासांकडे येऊ. नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या डच व्यावसायिक फुटबॉलचे निकाल तपासले. मॅनेजर हाकलल्यानंतर संघ सुधारतात, हे त्यांनाही दिसलं. पण ते तिथे थांबले नाहीत. ज्या संघांची कामगिरी तेवढीच घसरली होती, पण ज्यांनी मॅनेजर बदलला नाही, असे संघ त्यांनी शेजारी ठेवले. तेही तसेच सावरले होते. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण ‘नवा माणूस आला आणि संघ सुधारला’ या वाक्यातलं हरवलेलं दुसरं अंग त्याने शोधून काढलं. माणूस बदलला नसता तर काय झालं असतं, हे कळल्याशिवाय पहिल्या निम्म्या माहितीला अर्थ नाही.

कॉलेजच्या खेळाबद्दलचा सगळ्यात जवळचा अभ्यास अमेरिकन फुटबॉलवर आहे. अ‍ॅडलर, बेरी आणि डोहर्टी या तीन राज्यशास्त्रज्ञांनी १९९७ ते २०१० मधल्या वरच्या श्रेणीच्या संघांचा याच पद्धतीने, सारख्याला सारखं लावून, अभ्यास केला. अगदी तळाच्या संघांना कोच बदलून फारसा फरक पडला नाही. जे संघ मध्यम होते, त्यांनी कोच बदलल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यांची कामगिरी, कोच न बदललेल्या तशाच संघांपेक्षा खालावली. आणि कोचला काढण्याची घाई नेमकी अशाच ठिकाणी होते, जिथे संघ फार वाईट नाही पण लोकांच्या मनात जुने सोन्याचे दिवस आहेत. इंडियाना विद्यापीठ घ्या. पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं, शेवटचं १९८७ मधलं. २००० मध्ये बॉब नाइट यांना काढल्यापासून तिथे कोच येतात आणि जातात. २०२१ मध्ये आर्ची मिलर यांना काढताना त्यांच्या उरलेल्या कराराचे एक कोटी डॉलरहून जास्त द्यावे लागले. ते पैसे खासगी देणगीदारांनी दिले हे मान्य, पण विद्यापीठाला एवढी देणगी मिळते आणि ती एका माणसाने काम थांबवावं म्हणून खर्च होते, हे मला बोचतं.

याचा अर्थ कोचला कधीच काढू नये, असा नाही. लुईव्हिल विद्यापीठाचं उदाहरण बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये केनी पेन यांच्या नव्या कारकिर्दीतले पहिले तीनही सामने संघ एकेका गुणाने हरला: ६७-६६, ७३-७२, ६१-६०. इथपर्यंत कुणीही दुर्दैव म्हणेल आणि ते बरोबरच असेल. पण त्यानंतर मावी स्पर्धेत आर्कान्सासकडून २६ गुणांनी आणि टेक्सस टेककडून ७०-३८ असा पराभव झाला. ३२ गुणांच्या फरकाला नशीब हे कारण पुरत नाही. पहिले नऊच्या नऊ सामने गेले, हंगाम ४ विजय आणि २८ पराभवांवर संपला. मघाचंच गणित इथे लावलं, तर खऱ्या अर्थाने मध्यम असलेला संघ ३२ पैकी चार किंवा त्याहून कमी सामने जिंकण्याची शक्यता सुमारे एक लाखात एक निघते. तीनपैकी एकच सामना जिंकू शकणारा कमकुवत संघ धरला, तरी ती एक टक्क्याच्या आत राहते. पुढच्या हंगामात ८-२४ झाले आणि मार्च २०२४ मध्ये पेन यांना काढण्यात आलं. तो निर्णय योग्य होता, असं मला वाटतं. तिथे पुरावा होता.

म्हणून क्रीडा संचालकाने विजयांची संख्या बाजूला ठेवून आधी गुणांचा फरक बघावा. संघ १०० वेळा चेंडू हातात आल्यावर किती गुण करतो, तेवढ्याच वेळा किती गुण देतो, आणि समोरचे संघ किती तगडे होते, यांचा मेळ घातला तर पुढच्या हंगामाचा अंदाज विजय-पराभवाच्या तक्त्यापेक्षा चांगला बांधता येतो. दोन-तीन गुणांच्या फरकाने हरलेल्या सामन्यांचा ढीग असेल तर थांबावं. दोन हंगाम सलग १५-२० गुणांनी हार होत असेल तर कारणं शोधत बसू नये.

मग ड्यूकच्या त्या ४३ गुणांचं काय? तो मोठा फरक होता, हे खरंच. पण १९८२-८३ च्या त्या संघात जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बायलस आणि डेव्हिड हेंडरसन ही नुकती कॉलेजात आलेली, पहिल्या वर्षाची मुलं खेळत होती. वर्षभरानंतर संघ २४-१० वर पोचला. ही मुलं चौथ्या वर्षात गेली तेव्हा, १९८६ मध्ये, ड्यूकने ३७ सामने जिंकले आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात लुईव्हिलकडून ७२-६९ अशी हार खाल्ली. बटर्स यांनी आंधळा विश्वास टाकला नव्हता. कोच कोणत्या मुलांना आणतोय आणि ती किती वर्षं राहणार आहेत, हे त्यांच्या समोर होतं.

आज नेमकं हेच गृहीतक डळमळलंय. २०२१ पासून खेळाडूंना वर्षभर सामन्यांबाहेर न बसता कॉलेज बदलण्याची मोकळीक मिळाली, त्याच वर्षी जाहिरातींतून कमाई करण्याचीही. पहिल्या वर्षाची मुलं चौथ्या वर्षापर्यंत थांबतील, असं कोणताही कोच आता धरून चालू शकत नाही. खेळाडूंच्या बाजूने मला हे न्याय्यच वाटतं. कोच नोकरी बदलतो तर १९ वर्षांच्या मुलाने का बदलू नये? पण धीर धरण्याचा मोबदला त्यामुळे कमी झाला आणि झटपट बदलाचा वाढला. लुईव्हिलला पेन यांच्या जागी पॅट केल्सी आले, जवळजवळ सगळा संघ नव्याने उभा केला आणि पहिल्याच हंगामात, २०२४-२५ मध्ये, २७-८ अशी मजल मारली.

यातलं किती श्रेय केल्सींचं, किती नव्या खेळाडूंचं आणि किती सरासरीकडे परतण्याचं? एकाच उन्हाळ्यात कोच आणि संघ दोन्ही बदलले, तर परिणाम वेगळे काढायचे कसे? तेर वेल यांची पद्धत इथेही लागू पडेल, पण त्यासाठी असाच कोसळलेला, सगळे खेळाडू बदललेला आणि तरी कोच मात्र तोच ठेवलेला संघ शेजारी ठेवावा लागेल. असे काही संघ जमा होईपर्यंत, १९९७-२०१० च्या आकड्यांवरून आजच्या कोचचा हिशेब करताना हात आखडता ठेवावा लागेल, आणि एका हंगामाच्या ११-१७ वरून कुणाला घरी पाठवतानाही.