वेगमर्यादा जनजागृती मोहीम

वाहनचालकांनी वेगमर्यादा पाळावी यासाठी जाहिराती, फलक आणि पोलीस कारवाईची जाहीर पूर्वसूचना यांच्या साहाय्याने केलेला संघटित प्रयत्न. अशा मोहिमा पूर्वीही होत्या. तथापि विशेष अभ्यास झाला तो ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या ट्रान्सपोर्ट ॲक्सिडेंट कमिशनचा. रस्ते अपघातांची भरपाई देणाऱ्या या सरकारी संस्थेच्या दूरचित्रवाणी जाहिराती १९८९ च्या अखेरीस सुरू झाल्या. त्याच सुमारास तेथे वेग टिपणारे कॅमेरे आणि मद्यपी चालकांची तपासणीही वाढली, आणि मृत्यू घटले. श्रेय कोणाचे, हा वाद तेव्हापासूनचा. मोनॅश विद्यापीठातील प्रारंभीच्या मूल्यमापनांनी जाहिरातींना काही वाटा दिला. जाहिरात व कारवाई एकाच वेळी वाढल्याने दोहोंचा परिणाम संख्याशास्त्राने वेगळा काढता येत नाही, असा आक्षेप पुढील पुनर्परीक्षणात आला. तो अधिक ग्राह्य वाटतो. कारवाईविना नुसत्या जाहिरातीचा प्रभाव अल्पजीवी ठरतो, हे त्याच्याशी जुळते.

याच संस्थेच्या २००१ मधील ‘वाइप ऑफ फाइव्ह’ मोहिमेने ताशी केवळ ५ किमी. वेग कमी करण्यास सांगितले. त्यामागील गणित असे : प्रतिसादास १ सेकंद लागतो आणि ब्रेकने वेग दर सेकंदाला सेकंदी ७ मी. घटतो असे धरल्यास ताशी ६० किमी. वेगाची गाडी सु. ३६.५ मी. अंतरात थांबते. ताशी ६५ किमी. वेगाची गाडी त्याच ठिकाणी अजून ताशी सु. ३० किमी. वेगात असते. ऑस्ट्रेलियातीलच न्यू साउथ वेल्स राज्याने २००७ मध्ये भीतीऐवजी तरुणांच्या प्रतिष्ठेला हात घातला. जाहिरातीतील लोक बेफाम चालकाला करंगळी दाखवीत, म्हणजे त्याच्या पुरुषत्वाची खिल्ली उडवीत.

महाराष्ट्रात रस्ता सुरक्षा अभियान प्रामुख्याने जानेवारीत होते. ‘अति घाई, संकटात नेई’ हा फलक सर्वपरिचित आहे; मात्र त्यात किती वेगाने जावे याचा आकडा नाही, ही त्याची खरी उणीव.

परिणाम मोजताना मोहिमेपूर्वी व नंतर त्याच ठिकाणी, त्याच वारी, त्याच वेळी वेग नोंदवतात. पुढे मोकळा रस्ता असलेलीच वाहने धरतात. रांगेतील वाहनाचा वेग पुढच्या वाहनावर ठरतो. सरासरीबरोबर ८५ टक्के वाहने ज्या वेगाच्या आत असतात तो वेगही काढतात. मोहीम नसलेला तसाच एक रस्ता तुलनेला लागतो, नाहीतर पावसाने मंदावलेली वाहतूक मोहिमेच्या खात्यात जमा होते. मोजणारी व्यक्ती किंवा गाडी चालकांना दिसली, तर ते तेवढ्यापुरते ब्रेक दाबतात आणि नोंद निरुपयोगी ठरते.