बचत गटाचं ग्रेडिंग: फिरता निधी आणि बँक कर्जासाठी काय लागतं?

शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथच्या गावांतल्या ज्या गटांना 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) चा फिरता निधी, म्हणजे सदस्यांत कर्जाऊ फिरवण्यासाठी गटाला मिळणारी रक्कम, हवा आहे, त्यांचं आधी मूल्यांकन (ग्रेडिंग) होतं. (ठाणे, नवी मुंबई शहरांतल्या गटांनी महापालिकेकडे चौकशी करावी.)

गटात 10 ते 20 महिला हव्यात. आदिवासी पाड्यावर 5 जणीही चालतात. गट किमान 3 महिने पंचसूत्रीने चाललेला असावा: आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि वह्यांत नोंद. यातलं अंतर्गत कर्ज सर्वांत महत्त्वाचं. बचत वेळच्या वेळी, पण पैसा बँकेत नुसता पडून, असे बरेच गट दिसतात. कर्ज दर वेळी त्याच दोघी उचलत असतील तर त्यावर प्रश्न विचारला जावाच.

आवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत बैठका चुकतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि गट विखुरतो. अशा वेळी मागाहून एका हाताने, एकाच पेनाने हजेरी भरू नका. 'बैठक झाली नाही, आवणी चालू' असं इतिवृत्तात लिहा. खरी नोंद गटाच्या बाजूने उभी राहते.

सोबत ठेवा: गट स्थापनेचा व खातं उघडण्याचा ठराव, नियमावली, बँक पासबुक, इतिवृत्त, रोकडवही, बचत-कर्ज खातेवही, सदस्यांची पासबुकं, तसंच अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्षांचं आधार, पॅन आणि फोटो. बचत खातं उघडताना पदाधिकाऱ्यांचं केवायसी पुरतं. सगळ्या सदस्यांचं मागितलं तर शाखेला रिझर्व्ह बँकेच्या या नियमाची आठवण द्या.

मागणीचा ठराव करून सीआरपी ताईंकडून (गावात गटांना मदत करणाऱ्या अभियानाच्या कार्यकर्तीकडून) वह्या तपासून घ्या. प्रस्ताव ग्रामसंघामार्फत (गावातल्या गटांच्या संघामार्फत) पंचायत समितीतल्या तालुका अभियान कक्षाकडे द्या. यासाठी कुणा एजंटाची गरज नाही.

बँक कर्जासाठी गट 6 महिने चालू असावा. हा काळ वह्यांवरून मोजतात, खातं उघडल्याच्या तारखेपासून नाही. पहिलं कर्ज गटाच्या एकूण निधीच्या 6 पट किंवा दीड लाख, यातली जास्त असेल ती रक्कम. निधीत बचत, सदस्यांकडून आलेलं व्याज आणि फिरता निधी सगळं धरतात.

ग्रामसंघ आणि प्रभागसंघाचंही (अनेक ग्रामसंघांच्या संघाचंही) मूल्यांकन होतं. त्या वेळी लांबच्या पाड्यावरचा गट बैठकीला येतो का, त्याच्या मागणीवर ठराव झाला का, हे सदस्यांनी स्वतः विचारावं. ग्रामसंघाचं इतिवृत्त पाहायला मागणं हा प्रत्येक गटाचा हक्क आहे.