इंजिन सुटतं तेव्हा

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी विहिरीवरचं डिझेल इंजिन पावसाळाभर पोत्याखाली झाकलेलं असायचं. दिवाळीनंतर हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी हँडल मारून ते चालू करायचे. एका वर्षी ते चालू झालं आणि थोड्याच वेळात ठोके मोजता येईनात इतकं पळायला लागलं. निळसर धुराने विहीर दिसेनाशी झाली. आबा ओरडले, "कॉक बंद कर रं!" काकांनी टाकीचा कॉक बंद केला. इंजिन थांबलं नाही, उलट आणखी पळालं. शेजारच्या मळ्यातले म्हातारे मिस्त्री धावत आले, तिफणीजवळ पडलेली फळी उचलली आणि हवा आत घेणाऱ्या तोंडावर दाबून धरली. दोन-चार गचके देऊन इंजिन मेलं.

डिझेल बंद केल्यावरही ते का चाललं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला चाललं. त्यात ठिणगी टाकणारा प्लग नव्हता, तसा आजच्या इंजिनातही नसतो. दट्ट्या हवा दाबून साधारण सोळाव्या हिश्शावर आणतो, त्या दाबाने ती ५०० अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्याला अडीचशेच्या आसपास अंशही पुरतात. जुन्या डिझेल इंजिनात हवेला अडवणारी झडप नसते, दरवेळी पूर्ण हवा आत जाते. म्हणजे वेगाचा लगाम एकच, इंधन किती द्यायचं तो. हा लगाम गव्हर्नरच्या, म्हणजे वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या हातात असतो. वेग वाढला की त्याची फिरती वजनं बाहेर फेकली जातात, डिझेल फवारणाऱ्या पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी सरकती पट्टी, सरकतो आणि डिझेल कमी होतं.

आता इंजिनाला डिझेलखेरीज दुसरं खाद्य मिळालं तर? क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीतलं, वंगणाचं तेलसुद्धा तापलेल्या हवेत पेटतं. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असतील किंवा तेल खुणेच्या वर भरलं असेल, तर ते वाफेसारखं वर चढून जळतं. वेग वाढला की तेल जास्त चढतं, तेल चढलं की वेग वाढतो. आमच्या इंजिनात दोन्ही कारणं एकत्र आली होती. अशा वेळी डिझेल तोडून उपयोग नसतो, हवाच तोडावी लागते.

म्हणून धूर बघा. निळसर असेल तर बहुधा तेल जळतंय. काळा असेल तर डिझेल जास्त जातंय, म्हणजे रॅक अडकलाय किंवा गव्हर्नरची दांडी निसटलीय. या दुसऱ्या प्रकारात स्टॉपचा दांडाही निकामी होऊ शकतो, कारण तोही त्याच रॅकला ओढतो. टाकीचा कॉक बंद केला तरी नळीत आणि फिल्टरमध्ये उरलेलं डिझेल संपेपर्यंत इंजिन चालतं, आणि तेवढा वेळ पुष्कळ घातक असतो. मिनिटाला ६५० फेऱ्यांचं इंजिन १,३०० फेऱ्यांवर गेलं की फ्लायव्हील, म्हणजे बाजूचं जड चाक, फाडू पाहणारी ताकद दुप्पट नाही, चौपट होते. बिडाचं चाक फुटलं तर तुकडे त्याच्या फिरण्याच्या रेषेत उडतात. त्या रेषेत कधीही उभं राहू नका.

डिकम्प्रेशनचा दांडा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा धरून हवेचा दाब सोडणारा दांडा, असेल तर तो उचला. व्हॉल्व्ह खराब झाला तरी जीव वाचतो. हवेचं तोंड सपाट फळीने झाका, हाताने नाही. पातळ कापड तर आत ओढलं जातं.

खरी दुरुस्ती मात्र इंजिन बंद असताना होते. सहा महिने पडून राहिलेलं डिझेल चिकट होतं, त्यात पाणी असेल तर गंज चढतो, आणि रॅक जागीच धरतो. हँडल मारण्याआधी रॅक बोटाने सरकवून पाहा, तो दोन्हीकडे सहज हलला पाहिजे. हवेच्या फिल्टरमध्ये तेल असेल तर ते खुणेइतकंच ठेवा, जास्त झालं तर तेही हवेबरोबर आत ओढलं जातं. मग इंजिनातलं तेल मोजायची कांडी काढून पाहा. न भरताच तेल वाढलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेलच्या पंपातून डिझेल खाली तेलात गळतंय. ती गळती बंद करून तेल बदलेपर्यंत हँडल जागेवरच राहू द्या.