वजन नेमकं कुठे नडतं? जड इलेक्ट्रिक बाइकचा हिशेब

इलेक्ट्रिक बाइकचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले असतात. रेंज किती आणि पळते किती. वजनाचा आकडा माहितीपत्रकात तळाला कुठेतरी असतो आणि तो दिसला की माणूस दचकतो. ‘दोनशे किलो? मग चार्ज काय टिकणार!’ शंका रास्त वाटते, पण भौतिकशास्त्राला विचारलं तर वजनाचा त्रास तिथे नाहीच, भलतीकडे आहे.

उदाहरणाला बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीची एफ७७ मॅक २ रेकॉन घेऊ. वजन २०७ किलो, बॅटरी १०.३ किलोवॅट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत १०.३ युनिट. मोटर ३० किलोवॅटची, साधारण ४० अश्वशक्ती. कमाल वेग ताशी १५५ किलोमीटर. आता रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० काट्यावर १९५ किलो भरते आणि तिच्या वजनाचं तर लोक कौतुकच करतात. स्प्लेंडर ११२ किलोची. तेव्हा २०७ हा आकडा काही परग्रहावरचा नाही.

वजन वाढतं ते बॅटरीमुळे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते आणि ते भरतं जेमतेम पाऊण किलो. इंजिन त्यातला पाऊण हिस्सा उष्णतेत घालवतं, म्हणजे चाकाला मिळतात सव्वादोन युनिट. इलेक्ट्रिक गाडीत मोटर आणि कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा भाग) यांमधून ८५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते. तिथे पेट्रोल हरलं. पण लिथियम-आयन बॅटरीचा पूर्ण पॅक किलोमागे दीडशे वॅट-तासांच्या आसपासच साठवतो. या हिशेबाने दहा युनिटची बॅटरी ६५ ते ७० किलोंची होते आणि चाकाला पोहोचवते ती ऊर्जा चार लिटर पेट्रोलइतकी. तीन किलोंचं काम सत्तर किलोंत. शिवाय टाकी रिकामी झाली की हलकी होते, बॅटरी संपली तरी वजन तेवढंच.

मग हे ओझं वाहायला किती वीज लागते? वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चढलात, तर उंची वाढते साधारण साडेपाचशे मीटर. स्वार ७५ किलोंचा धरा. एवढं सगळं वर उचलायला मोटरमधली गळती धरून सुमारे अर्धं युनिट लागतं. तोच माणूस ११२ किलोंच्या गाडीवर असता तर एक तृतीयांश युनिट लागलं असतं. फरक पाव युनिटसुद्धा नाही. सपाट रस्त्यावर जास्तीच्या ९५ किलोंमुळे टायरचं घर्षण वाढतं, त्याची किंमत शंभर किलोमीटरला साधारण अर्धं युनिट. बस, इतकंच. सिग्नलमागून सिग्नल असलेल्या शहरात हा फरक थोडा वाढतो, कारण दर वेळी तेवढं वजन पुन्हा पळतं करावं लागतं. पण ब्रेक लावताना मोटर जनित्र होते आणि त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो.

रेंज खातो तो वारा. हवेविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बाइक आणि स्वार यांचा नेहमीचा आकार धरून मी हिशेब मांडला, तर ताशी ६० ला या गाडीला किलोमीटरमागे साधारण ४० वॅट-तास लागतात आणि ताशी १०० ला जवळपास ९०. म्हणजे तीच बॅटरी एकदा अडीचशे किलोमीटर नेईल आणि एकदा सव्वाशेच्या आतच मान टाकेल. कंपनी ३२३ किलोमीटर सांगते ते खोटं नाही. त्या प्रमाणित चाचणीत वेग शहरातल्यासारखे, कमी असतात. सातारा-कोल्हापूर रस्त्यावर शंभरने पळणाऱ्याने तो आकडा विसरावा.

आता ताकद. मोठी मोटर म्हणजे जास्त वीज पिणारी, हा समज पक्का आहे आणि बराचसा चुकीचा. ताशी ६० ला ही गाडी ३० पैकी अडीच किलोवॅटसुद्धा वापरत नाही. बाकीची ताकद मूठ पिळेपर्यंत गप्प असते. तिचा खरा उपयोग ओव्हरटेकपेक्षा घाटात आहे. पसरणीच्या चढावर मागे कोणी बसलेलं असताना ताशी ५० ठेवायचे, तर हलक्या बाइकलाही चाकाशी तीन किलोवॅटच्या वर शक्ती लागते. तीन किलोवॅटची मोटर थोडा वेळ ते देते, मग तापते, आणि तापली की कंट्रोलर गपचूप शक्ती कापतो. मे महिन्यात हे लवकर घडतं. मोठ्या मोटरला हा चढ म्हणजे मामुली काम. बॅटरीचंही तसंच: तेवढंच रोजचं अंतर मोठी बॅटरी थोडीशीच रिकामी करून कापते, आणि लिथियम-आयन बॅटरीला असा उथळ वापर मानवतो.

मग वजन नडतं कुठे? गाडी थांबल्यावर. ताशी शंभरला स्थिर वाटणारी हीच बाइक सोसायटीच्या तळघरातल्या रॅम्पवर आणा. आठ फुटांना एक फूट चढ असेल, तर २०७ किलो ढकलायला सुमारे २९ किलोंचा जोर सतत लावावा लागतो, स्प्लेंडरला १६. उभी असताना गाडी दहा अंश कलली तर हँडलवर साधारण १८ किलोंचा भार येतो, वीस अंशांना तोच ३५ होतो. पाय ओल्या फरशीवर असेल, तर पुढचं सांगायला नको. एफ७७ ची सीट ८०० मिलिमीटरवर आहे, त्यामुळे उंची कमी असलेल्या स्वाराची टाच टेकते का, हे शोरूममध्येच बघावं. मोटर उलटी फिरवून गाडी मागे घेणं इलेक्ट्रिकला तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं, काही स्कूटरना ती सोय असतेही. जड बाइकला ती सक्तीची करायला हवी, असं माझं मत.

दुसरी अडचण चार्जिंगची. तीन युनिटची, वीसेक किलोंची बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर नेता येते, दम लागला तरी. सत्तर किलोंची बॅटरी गाडीतच राहते, म्हणजे पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा सॉकेट हवा. त्यासाठी कमिटीची परवानगी, वायरिंग, आणि ‘आग लागली तर?’ या प्रश्नाचं उत्तर. तो प्रश्न अगदीच निराधार नाही. २०२२ मधल्या स्कूटरच्या आगींनंतरच सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे एआयएस-१५६ हे नियम कडक केले.

कागदपत्रांची कटकट मात्र मोजून आहे. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तरच नोंदणीतून सूट. त्यापुढे हिरवी नंबरप्लेट, लायसन्स आणि हेल्मेट, पेट्रोलच्या बाइकसारखंच.

एक बाब विक्रेते क्वचितच सांगतात. पाचगणीच्या हॉटेलवर रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी शंभर टक्के बॅटरीने घाट उतरायला निघालात, तर मोटरचा ब्रेक जवळपास लागतच नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागा नसते. दोन माणसांसह साडेतीनशे किलोंचा सगळा भार चाकांच्या डिस्क ब्रेकवर येतो आणि ते तापतात. साडेपाचशे मीटर उतरताना परत मिळू शकणारी ऊर्जा फार तर अर्धं युनिट, म्हणजे या बॅटरीचे पाच टक्के. तेव्हा चार्जिंग ९५ वर थांबवून निघावं.