संदर्भ हरवला की नमुनाही हरवला

‘माणसाचा अख्खा जीनोम एका सीडीवर मावतो’ हे वाक्य अजूनही फिरत असतं. जीनोम म्हणजे आपल्या डीएनएतल्या अक्षरांचा सगळा क्रम. हिशोब करून पाहू. अक्षरं चारच, ए, सी, जी, टी. प्रत्येकाला दोन बिट पुरे. अक्षरं सुमारे ३१० कोटी, म्हणजे साधारण ७७५ एमबी. सीडी ७०० एमबीची. थोडक्यात हुकलं, पण वाक्य अगदीच थाप नाही.

मग एका माणसाच्या डीएनए नमुन्याने डिस्क का भरते? कारण डीएनए वाचणारं यंत्र जीनोम सलग वाचत नाही. ते दीडदीडशे अक्षरांचे तुकडे वाचतं आणि चुका पकडता याव्यात म्हणून तीच जागा सरासरी तीसेक वेळा वाचतं. झाले ६२ कोटी तुकडे. वर प्रत्येक अक्षराशेजारी ‘हे किती खात्रीने वाचलं’ सांगणारं एक चिन्ह. ही फास्टक्यू फाईल न दाबता ठेवली तर १८६ जीबीच्या पुढे जाते.

इथे मला फार आवडणारी युक्ती येते. कोणत्याही दोन माणसांचे जीनोम बहुतांश सारखेच, ढोबळमानाने हजारात एखादं अक्षर वेगळं. मग दीडशे अक्षरं पुन्हा लिहायचीच कशाला? सर्वांसाठी एक संदर्भ जीनोम ठरवायचा आणि प्रत्येक तुकड्यासाठी एवढंच नोंदवायचं: ‘अमुक गुणसूत्र, तमुक जागा, फरक नाही’. फरक असेल तर ‘४१व्या अक्षरी ए ऐवजी जी’. युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडलेल्या या कल्पनेतून क्रॅम हा फाईलप्रकार आला. अक्षरं जवळजवळ फुकटात साठतात. जागा खातात ती खात्रीची चिन्हं, कारण त्यांना कसला संदर्भच नसतो. म्हणून काही नवी यंत्रं खात्रीच्या चारच पायऱ्या ठेवतात.

पण क्रॅम उघडायला तोच संदर्भ लागतो. ‘मानवी संदर्भ’ एवढं म्हणून भागत नाही. २००९ची जीआरसीएच३७ आवृत्ती वेगळी, २०१३ची जीआरसीएच३८ वेगळी. एकीत ‘सीएचआर१’ लिहिलेलं गुणसूत्र दुसऱ्या ठिकाणी नुसतं ‘१’ असतं. सर्वांत खट्याळ उदाहरण मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्राच्या) स्वतंत्र छोट्या डीएनएचं: जीआरसीएच३७च्याच एचजी१९ नावाच्या प्रतीत ते १६,५७१ अक्षरांचं, तर सर्वमान्य प्रमाण क्रमात १६,५६९. त्यामुळे पुढच्या जागा सरकतात. म्हणून क्रॅमच्या मथळ्यात प्रत्येक गुणसूत्राचा एमडी५ ठसा असतो, म्हणजे त्याच्या अक्षरांवरून गणिताने काढलेली ३२ चिन्हांची ओळखखूण. तो काढण्याआधी सगळी अक्षरं मोठ्या (कॅपिटल) लिपीत आणतात, त्यामुळे पुनरावृत्तीचे भाग छोट्या लिपीत दाखवणारी प्रतही चालते. एक अक्षर बदललं की मात्र ठसा जुळत नाही.

(जनुकांवरून भविष्य सांगणाऱ्या जाहिरातींत ‘अमुक जागी दोष’ असतो. कुठल्या आवृत्तीतली जागा, ते कुणी लिहीत नाही.)

डिस्क भरली की पहिला हात मोठ्या फाईलींवर पडतो. तुकडे संदर्भावर जागच्या जागी बसवणाऱ्या ‘स्टार’ या प्रोग्रॅमची मानवी इंडेक्स (शोधसूची) ३० जीबीच्या आसपास. ती खुशाल उडवा, संदर्भ आणि जनुकांच्या नोंदींची फाईल असेल तर पुन्हा बांधता येते. क्रमवारी लावताना उरलेल्या तात्पुरत्या फाईली, क्रॅम बनण्याआधीची मधली सॅम फाईल, यांनाही रजा द्या. संदर्भाची अक्षरं असलेली तीन जीबीची फास्टा फाईल मात्र केवळ वाचता येईल अशा एकाच सामाईक फोल्डरात ठेवा, नावात आवृत्ती लिहून. ‘जीनोम_फायनल_नवीन’ असं नाव नको.