बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?
लिव्हरच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी, आमच्या मेडिकल दुकानातर्फे 'शंट'ची माहिती

चिठ्ठीवर प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल दिसलं की काउंटरवर हमखास विचारलं जातं, "आमच्या आण्णांचं बीपी नॉर्मल आहे, ही गोळी चुकून लिहिली काय?" चुकून नाही. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते प्रेशर वेगळं आणि लिव्हरच्या दाराशी तुंबलेलं प्रेशर वेगळं. डॉक्टर त्याला पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात.

जठर, आतडी आणि प्लीहा यांचं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरमध्ये जातं. लिव्हरला मिळणारं सुमारे तीन चतुर्थांश रक्त या एकाच शिरेतून येतं. सिरॉसिसमध्ये लिव्हर निबर होतं आणि रक्ताला वाट राहत नाही. पुढचं कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं सोडून मागं सरकतं आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत घरात शिरतं. तसंच तुंबलेलं रक्त अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या नाजूक शिरांत शिरतं आणि त्या फुगतात. पोटात पाणी होतं, प्लीहा वाढते. लिव्हरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या प्रेशरमधला फरक 5 मिलिमीटरपर्यंत (बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) असेल तर ठीक. 10 च्या पुढे गेला की त्रासाची सुरुवात होते. 12 आणि त्यापुढे या शिरा फुटून रक्ताची उलटी होण्याची भीती असते.

पहिला उपाय हे प्रेशर उतरवणाऱ्या त्या प्रोप्रानोलॉल-कार्व्हेडिलॉलच्या गोळ्यांचा, सोबत एंडोस्कोपीतून फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावण्याचा. पोटातलं पाणी सुईने काढतात. एवढं करूनही रक्तस्राव थांबत नसेल किंवा पाणी पुन्हापुन्हा भरत असेल, तेव्हा शंटचा विषय निघतो. शंट म्हणजे तुंबलेल्या रक्ताला काढून दिलेली बगल. हृदयाच्या बायपासशी याचा संबंध नाही, दोन्हींची गल्लत करू नका.

आज बहुतेकांना सुचवला जातो तो 'टिप्स' (TIPS) नावाचा शंट. यात पोट उघडत नाहीत. मानेतल्या शिरेतून बारीक नळी घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत ती लिव्हरच्या शिरेपर्यंत नेतात. तिथून सुईने लिव्हरच्या आतूनच पोर्टल व्हेन गाठतात आणि त्या वाटेत 8 ते 10 मिलिमीटर रुंदीचा, आतून अस्तर असलेला स्टेंट बसवतात. माणसामध्ये स्टेंट घालून हे पहिल्यांदा केलं ते 1988 मध्ये, जर्मनीतल्या फ्रायबुर्गला. रक्ताची उलटी झालेल्या काही निवडक रुग्णांमध्ये बँडिंगनंतर वाट न बघता 72 तासांच्या आत टिप्स करतात. म्हणून डॉक्टर घाई करत असतील तर "पाहुण्यांना विचारून सांगतो" म्हणत दोन दिवस घालवू नका.

लहान मुलांची गोष्ट थोडी वेगळी. आपल्या देशात अनेक मुलांमध्ये लिव्हर चांगलं असतं, पण पोर्टल व्हेनच बंद पडलेली असते. तिथे सर्जन प्लीहेची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडतात किंवा दुसरा योग्य शंट निवडतात. लिव्हर धडधाकट असल्यामुळे ही मुलं पुढे बरीच वर्षं चांगली राहतात.

आता बगलेची किंमत. पूर्वी जकात नाका चुकवून आलेला माल जसा न तपासता शहरात शिरायचा, तसं शंटमधून जाणारं रक्त लिव्हरची तपासणी चुकवतं. आतड्यातला अमोनिया सरळ मेंदूपर्यंत पोचतो. हे फार जुनं दुखणं आहे. निकोलाय एक (Eck) नावाच्या रशियन डॉक्टरने 1877 मध्ये कुत्र्यांवर असा पहिला शंट केला. पुढे 1893 मध्ये पावलोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की अशा कुत्र्यांना मांस खायला घातलं की ती बिथरतात, झोकांड्या खातात. टिप्सनंतर साधारण तिघांत एकाला कमी-अधिक प्रमाणात असा त्रास होतो.

हा त्रास डॉक्टरांच्या आधी घरच्यांना दिसतो. एक मुलगा आमच्याकडे वडिलांसाठी झोपेची गोळी मागायला आला होता. वडील दिवसा पेंगत होते, रात्री जागे, आणि शर्टाची बटणं वर-खाली लावत होते. चौकशी केली तर कळलं, जुलाब होतात म्हणून लॅक्टुलोजचं औषध आठ दिवसांपूर्वी बंद केलेलं. गोळी दिली नाही, त्यांना तडक डॉक्टरांकडे पाठवलं. लॅक्टुलोज हे नुसतं पोट साफ होण्याचं औषध नव्हे. दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हायलाच हव्यात, अमोनिया त्या वाटेने बाहेर पडतो. जास्त होत असतील तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करा, बाटली फडताळात टाकू नका.

टिप्सच्या आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला तर खर्च वाढवला असं समजू नका. अडलेलं रक्त एकदम हृदयाकडे येतं, ते झेपेल का हे बघावंच लागतं. हृदय कमजोर असेल किंवा कावीळ फार वाढलेली असेल तर बहुधा टिप्स टाळतात. आणि एक नीट ऐका: शंटने प्रेशर उतरतं, सिरॉसिस जात नाही. दारू सोडायचीच. स्टेंट उघडा आहे ना, हे बघायला डॉप्लर सोनोग्राफीच्या तारखाही चुकवायच्या नाहीत.

जेवणाचं म्हणाल तर पोटात पाणी असताना मीठ कमी. पापड, लोणचं, खर्डा, सुकी मासळी बाजूला. तांबडा-पांढरा डॉक्टरांना विचारूनच. पण मेंदूला त्रास होईल या धास्तीने डाळ, दूध, अंडी बंद करू नका. अंगातलं मांस झडलं तर त्रास वाढतो. लांबलचक उपवास नकोत, अंबाबाईला समजतं. रात्री झोपण्यापूर्वी दूध-भाकरी द्या.

डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, झोपेच्या गोळ्या आमच्याकडे मागू नका, या रुग्णांना आम्ही त्या चिठ्ठीशिवाय देत नाही. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली तर दुकानात येऊच नका, 108 ला फोन करा.

काउंटरवर छोट्या वह्या ठेवल्या आहेत, त्यांचे पैसे नाहीत. रुग्णाकडून रोज सकाळी त्यात तारीख आणि सही घ्या. सही वाकडी व्हायला लागली, की अमोनियाचा मेंदूला त्रास सुरू झाला असेल असं समजा आणि वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.